कादंबरीतले अनेक आवाज कसे ऐकावेत

‘बहुस्वर कादंबरी’ हा शब्दप्रयोग आता समीक्षकांपुरता राहिलेला नाही. तो मलपृष्ठांवर दिसतो, परिसंवादांत ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा ‘पुष्कळ पात्रं असलेली कादंबरी’ एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. संगीतात मात्र बहुस्वरता, म्हणजे पॉलिफनी, ही फार काटेकोर गोष्ट आहे. ती आधी कानाने ओळखली, तर कादंबरीत काय शोधायचं हे समजायला सोपं जातं.

त्यासाठी आपण संगीत शिकलेलं असायला हवं असं नाही. फोनवर दोन मिनिटांची एक रचना ऐकता आली तरी पुरे.

पायरी पहिली: दोन आवाज ऐकणे

आपल्या कानांना एका सुरावटीच्या मागे जाण्याची सवय आहे. तानपुरा षड्ज-पंचमाचा आधार धरून ठेवतो, हार्मोनियम किंवा सारंगी गायकाच्या मागोमाग जाते. जुगलबंदीतही दोन कलाकार बहुतांशी आळीपाळीने बोलतात. पॉलिफनीत दोन किंवा अधिक वेगळ्या सुरावटी एकाच वेळी चालतात आणि त्यांतली कोणतीही दुसरीची साथ नसते.

हे ऐकायला सर्वांत सोपी जागा म्हणजे जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख (१६८५–१७५०) याच्या ‘इन्व्हेन्शन’ नावाच्या पंधरा छोट्या रचना. कळफलकाच्या वाद्यावर दोन स्वतंत्र आवाज स्वच्छ वाजवता यावेत, म्हणून त्याने १७२३ मध्ये त्या शिकणाऱ्यांसाठी नीट उतरवून काढल्या. त्यांतली पहिली ऐका.

उजवा हात सुरू करतो: सा रे ग म रे ग सा प. तो ‘प’वर पोचतो न पोचतो तोच डावा हात तीच सुरावट खालच्या सप्तकात उचलतो. उजवा हात तेवढ्यात पुढे निघून गेलेला असतो. मग उजवा हात तीच चाल पंचमावरून म्हणतो आणि डावा पुन्हा त्याला खालून उत्तर देतो.

इथे पहिली चूक होते. कान वरच्या आवाजाला चिकटतो आणि खालचा आवाज त्याला साथ वाटू लागतो. उपाय सोपा आहे. तीनदा ऐका: पहिल्यांदा फक्त डावा हात, मग फक्त उजवा, मग दोन्ही. डाव्या हातापासून सुरुवात केली की तोही स्वतंत्रपणे बोलतोय हे लक्षात येतं.

याचं एक अर्धं रूप आपण नेहमी ऐकतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गोव्याचे संगीत-संयोजक सेबास्टियन डिसूझा गायकाच्या मागे व्हायोलिनांना वेगळीच चाल देत. तिला ‘काउंटर मेलडी’, म्हणजे समोरची चाल, म्हणतात. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जात असल्याने ही विद्या तिथल्या वादकांच्या अंगवळणी पडली होती. तरी ही पूर्ण पॉलिफनी नव्हे, कारण गाण्याचा मालक गायकच राहतो.

पायरी दुसरी: तीन प्रकार वेगळे करणे

पहिला प्रकार एका सुरावटीचा. दुसऱ्या प्रकारात एक मुख्य चाल असते आणि बाकीचे स्वर तिला आधार देतात. गिटारवर स्वरगुच्छ, म्हणजे एकदम छेडलेले अनेक स्वर, वाजवत म्हटलेलं गाणं हे त्याचं उदाहरण. याला होमोफनी म्हणतात. तिसरा प्रकार पॉलिफनीचा.

कादंबरीतही हे तीन प्रकार सापडतात. एकच आवाज सगळं सांगतो ती पहिल्या प्रकारची. एक नायक आणि त्याला उठाव देणारी बाकीची पात्रं अशी दुसऱ्या प्रकारची. आपण वाचतो त्या बहुसंख्य कादंबऱ्या या गटात येतात. अनेक पात्रं आपापल्या जोरावर उभी असतात आणि त्यांतलं कोणीही दुसऱ्यासाठी राबत नाही, ती तिसऱ्या प्रकारची.

तिसरा प्रकार पहिल्या दोहोंपेक्षा श्रेष्ठ असं मात्र समजू नका. हे रचनेचे प्रकार आहेत, गुणांची उतरंड नव्हे.

पायरी तिसरी: आवाज वेगळे कसे राहतात

एका सुरावटीसमोर दुसरी रचण्याच्या कलेला काउंटरपॉइंट म्हणतात. योहान योसेफ फुक्स याने १७२५ मध्ये तिच्यावर ‘ग्रादुस आद पार्नासुम’ हे लॅटिन पाठ्यपुस्तक लिहिलं. ते गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. हायडन त्याच्यावरून शिकला आणि पुढे त्याने बेथोव्हेनला त्याच वाटेने शिकवलं.

त्यातला एक नियम आपल्या कामाचा आहे. समजा एक आवाज ‘सा’वर आहे आणि दुसरा ‘प’वर. पहिला ‘रे’वर गेला आणि त्याच वेळी दुसरा ‘ध’वर गेला, तर दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं. याला समांतर पंचम म्हणतात, आणि फुक्सच्या शिस्तीत तो वर्ज्य आहे.

कारण कानाचं आहे. सा आणि प इतके मिसळून जातात की ते बरोबरीने सरकू लागले की दोन आवाजांचा एकच जाड आवाज होतो. दुसऱ्याचं स्वातंत्र्य संपतं. म्हणून फुक्सचा गुरू शिष्याला सुचवतो की एक आवाज वर जात असेल तेव्हा दुसऱ्याला शक्यतो खाली आणावं, किंवा जागेवर थांबवावं.

ही कसोटी कादंबरीला जशीच्या तशी लावता येते. दोन पात्रं प्रत्येक प्रसंगाला सारखाच प्रतिसाद देत असतील, एकाला राग आला की दुसऱ्यालाही येत असेल, तर पानावर नावं दोन असली तरी आवाज एकच आहे.

मात्र आवाज नुसते वेगळे असूनही भागत नाही. दोन खोल्यांत दोन गाणी लावली तर पॉलिफनी होत नाही. प्रत्येक आवाज एकटा ऐकला तरी अर्थपूर्ण हवा, आणि दुसऱ्याच्या सोबतीशिवाय त्याचा पूर्ण अर्थ लागता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुहेरी अटीवर उभ्या आहेत.

पायरी चौथी: एकच विषय, वेगवेगळे आवाज

आवाजांना एकत्र बांधणारी सर्वांत बांधीव रचना म्हणजे फ्यूग. एक आवाज छोटी सुरावट मांडतो, तिला विषय म्हणतात. दुसरा आवाज तोच विषय साधारणपणे पंचमावरून घेतो, त्याला उत्तर म्हणतात. तोवर पहिला आवाज त्याच्यासमोर नवी चाल म्हणू लागतो. मग तिसरा येतो, चौथा येतो.

पुढे विषयाचं काय काय होतं ते पाहण्यासारखं असतं. तो उलटा होतो: जिथे चढत होता तिथे उतरतो. तो दुप्पट संथ होतो. शेवटाकडे एकाचं संपायच्या आतच दुसरा तो सुरू करतो. या दाटीला स्ट्रेटो म्हणतात. विषय तोच असतो, पण प्रत्येक आवाजात तो वेगळा माणूस झाल्यासारखा भासतो.

पायरी पाचवी: बाख्तिनने हा शब्द कशासाठी घेतला

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन (१८९५–१९७५) याने १९२९ मध्ये दोस्तोएव्हस्कीवर पुस्तक लिहिलं. ते बाहेर आलं तेव्हा तो राजकीय आरोपाखाली अटकेत होता, आणि नंतर त्याला कझाकस्तानात हद्दपार केलं गेलं. पुस्तकाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १९६३ मध्ये निघाली. जगाने बाख्तिनला वाचलं ते मुख्यतः तिच्यातून.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एरवीच्या कादंबरीत पात्रं लेखकाच्या मुठीत असतात. त्यांचे विचार लेखक तोलतो आणि शेवटी निवाडा देतो. याला तो एकस्वर कादंबरी म्हणतो. दोस्तोएव्हस्की पात्राला स्वतःच्या विचाराचा धनी करतो. पात्र लेखकाशीही वाद घालू शकतं, आणि तो वाद लेखक परस्पर मिटवत नाही.

संगीताचा दाखला त्याच्या आधीच्या काही समीक्षकांनीही दिला होता. बाख्तिनने तो नेमका केला आणि वर बजावलं की ही फक्त उपमा आहे. संगीताचं व्याकरण कादंबरीवर लादू नये. ही सूचना आपणही ध्यानात ठेवू या.

पायरी सहावी: एका कादंबरीत हे पाहणे

‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ ही दोस्तोएव्हस्कीची शेवटची कादंबरी १८७९-८० मध्ये एका रशियन मासिकातून क्रमशः आली. तिचे बारा भाग आहेत, प्रत्येकाला ‘पुस्तक’ म्हटलं आहे, आणि शेवटी उपसंहार आहे. फ्योदोर हा बाप, आणि मित्या, इव्हान, अल्योशा ही तीन मुलं. स्मेर्द्याकोव्ह हा घरचा स्वयंपाकी, बहुधा बापाचाच अनौरस मुलगा. बापाचा खून होतो. खुनी कोण ते पुढे सांगावं लागणार आहे. ते आधी कळू नये असं वाटत असेल, तर ही पायरी कादंबरी वाचून झाल्यावर वाचा.

कादंबरीतला एकच विचार पकडा: आत्म्याला अमरत्व नसेल, तर माणसाला काहीही करायला मोकळीक आहे. हा आपला विषय. तो इव्हानचा आहे, पण पहिल्यांदा येतो तो इव्हानच्या तोंडून नाही. दुसऱ्या पुस्तकात, मठातल्या झोसिमा या वृद्ध साधूच्या खोलीत, मिऊसोव्ह नावाचा पाहुणा चेष्टेच्या सुरात तो सांगतो. इव्हान तो नाकारत नाही. मित्या पुन्हा विचारून खात्री करून घेतो आणि लक्षात ठेवीन म्हणतो.

म्हणजे विषय पुरता मांडून होण्याआधीच तो तिघांच्या तोंडी तीन सुरांत येऊन गेला: मिऊसोव्हचा टोमणा, इव्हानचा थंडपणा, मित्याची धास्ती.

पाचव्या पुस्तकात इव्हान अल्योशाला आपलं मन उघडून दाखवतो. निरागस मुलांच्या यातनांवर उभी असलेली कोणतीही दैवी व्यवस्था आपल्याला मान्य नाही, हे तो इतक्या ताकदीने मांडतो की वाचणाऱ्याला प्रतिवाद सुचत नाही. मग तो स्वतः रचलेली कथा सांगतो. सोळाव्या शतकातल्या सेव्हिल शहरात ख्रिस्त परत येतो, धर्मन्यायालयाचा प्रमुख त्याला कैद करतो आणि त्याच्यावर दीर्घ आरोप ठेवतो. ख्रिस्त एक शब्द बोलत नाही, फक्त त्या म्हाताऱ्याचं चुंबन घेतो.

कथा संपल्यावर अल्योशा युक्तिवाद करत नाही. तो उठून इव्हानचं चुंबन घेतो, आणि ही चाल आपल्याच कथेतून चोरल्याचं इव्हान हसून सांगतो. फ्यूगमधल्या उत्तरासारखंच हे आहे: चाल तीच, पण दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या पट्टीत.

मोठं उत्तर सहाव्या पुस्तकात आहे. ते झोसिमाच्या आयुष्याचं आणि शिकवणुकीचं कथन आहे. इव्हानच्या एकेका मुद्द्याला ते टोला देत नाही. विषय उलटा होतो तसा इथे इव्हानचा प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो: जगाच्या दुःखाचा जाब कोणाला विचारायचा, याऐवजी प्रत्येक जण सगळ्यांसाठी कसा जबाबदार आहे.

मग विषय स्मेर्द्याकोव्हकडे जातो. त्याने इव्हानचं बोलणं ऐकलंय आणि शब्दशः खरं मानलंय. अकराव्या पुस्तकात इव्हान त्याला तीनदा भेटतो. तिसऱ्या भेटीत स्मेर्द्याकोव्ह चोरलेले तीन हजार रुबल समोर ठेवतो, खून आपण केल्याचं सांगतो आणि ही मोकळीक तुम्हीच शिकवली असं इव्हानला ऐकवतो. तत्त्वज्ञाचा विचार त्याच्याकडे खुनाचं रूप घेऊन परत आला.

लगेच पुढे, तापाने भ्रमिष्ट झालेल्या इव्हानसमोर सैतान बसलेला दिसतो. जुन्या फॅशनच्या कपड्यांतला, दुसऱ्यांच्या घरी पाहुणचार झोडणारा मध्यमवयीन गृहस्थ. तो इव्हानचेच विचार त्याला ऐकवतो, पण थिल्लर आवाजात. स्ट्रेटोची दाटी इथे आहे: स्मेर्द्याकोव्हचा आवाज विरायच्या आत सैतानाचा सुरू होतो, आणि दोन्हींत इव्हानला स्वतःचा आवाज ऐकू येतो.

या सगळ्यात एक जागा बाख्तिनने खास उलगडून दाखवली आहे. सैतान दिसण्याआधी, त्याच संध्याकाळी अल्योशा इव्हानला सांगतो की बापाला मारणारा तू नव्हेस. इव्हानने तसा कबुलीजबाब कुठेही दिलेला नसतो. त्याच्या मनात चाललेल्या स्वतःशीच्या वादाला अल्योशा बाहेरून उत्तर देतो. आवाज एकमेकांना ऐकतात, न उच्चारलेलंसुद्धा ऐकतात, ते असं.

पायरी सातवी: एकाच वेळी कसं वाचणार?

इथे एक रास्त शंका येते. बाखचे दोन हात एकाच क्षणी वाजतात, पण ओळी आपण एकीमागून एक वाचतो. मग कादंबरीत ‘एकाच वेळी’ काय असतं?

एक मार्ग फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’त (१८५७) वापरला. शेतकी प्रदर्शनाच्या प्रसंगात खाली सरकारी भाषणं आणि बक्षिसांच्या घोषणा चालू आहेत, वर खिडकीशी रोडॉल्फ एम्माला भुलवतो आहे. लेखक दोन्ही बोलणी एकाआड एक कापत नेतो. शेवटी तुकडे इतके लहान होतात की प्रेमाच्या शपथेला खताच्या बक्षिसाची घोषणा येऊन भिडते.

दुसरा मार्ग वाचकाच्या स्मरणाचा. स्मेर्द्याकोव्ह बोलतो तेव्हा आपल्याला झोसिमाच्या खोलीतलं बोलणं आठवतं आणि दोन्ही मनात एकत्र वाजतात. म्हणून अशी कादंबरी फार खंड पाडून वाचली की तिची बहुस्वरता विरते. पात्रं लक्षात राहतात, पण त्यांचे आवाज नाहीत.

पायरी आठवी: नेहमी होणारे गैरसमज

*पुष्कळ पात्रं म्हणजे बहुस्वरता.* तसं नाही. बाख्तिन उदाहरण देतो टॉलस्टॉयच्या ‘तीन मृत्यू’ (१८५९) या कथेचं. एक उमराव घराण्यातली बाई मरते, एक गाडीवान मरतो, एक झाड पडतं. तिघांचं आयुष्य एकमेकांना माहीत नसतं. तिन्ही मरणं शेजारी ठेवून त्यांचा अर्थ लावणारा एकटा लेखक असतो.

*निवेदक अनेक, म्हणजे बहुस्वरता.* मराठी वाचकांना जवळचं उदाहरण शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चं (१९६७). तिथे कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. पण सगळ्यांची तोंडं कर्णाकडे वळलेली आहेत, आणि भाषेची भरजरी चालही बरीचशी एकसारखी आहे. हा गौरवाचा समूहस्वर आहे, आणि सावंतांना तेच हवं होतं. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात तेव्हा आवाज खरोखर एकमेकांना छेद देतात. मात्र भोगलालसेबद्दलचा अखेरचा निवाडा लेखकाच्या हाती राहतो.

*बोली अनेक, म्हणजे बहुस्वरता.* एकाच कादंबरीत मालवणी, वऱ्हाडी आणि प्रमाण मराठी असणं ही श्रीमंती आहे. बाख्तिनने तिचा विचार वेगळ्या संकल्पनेखाली केला. चार बोलींत चार पात्रं एकच मत मांडू शकतात. उलट, एकाच भाषेत बोलणारे दोन भाऊ दोन जगांत राहू शकतात.

*लेखकाला स्वतःचं मत नसावं लागतं.* दोस्तोएव्हस्की श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होता. झोसिमाचं पुस्तक इव्हानला पुरेसं उत्तर ठरेल का, ही काळजी त्याने पत्रात लिहून ठेवली आहे. मत त्याला होतंच. तरीही विरुद्ध बाजू त्याने दुबळी करून लिहिली नाही.

*सगळे आवाज शेवटी जुळतात.* संगीतात बहुधा जुळतात, रचना विसावते. कादंबरीवर तसं बंधन नाही. उपमा इथे संपते.

पायरी नववी: दुसऱ्या अर्थाची ओळख

मिलान कुंदेरा या चेक कादंबरीकाराने हाच शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने वापरला. त्याचे वडील पियानोवादक होते, त्यामुळे संगीत त्याच्या घरातलंच. ‘आर्ट ऑफ द नॉव्हेल’ (१९८६) या पुस्तकात तो हर्मन ब्रॉखच्या ‘स्लीपवॉकर्स’ या कादंबरीत्रयीचा तिसरा भाग तपासतो. त्यात कादंबरी, लघुकथा, वार्तांकन, कविता आणि निबंध असे पाच धागे शेजारी चालतात.

कुंदेराच्या अटी दोन: सर्व धागे बरोबरीचे हवेत, आणि एक काढला तर बाकीचे कोसळायला हवेत. त्याच्या मते ब्रॉखकडे पहिली अट पुरती पाळली गेली नाही. एखाद्या समीक्षेत ‘बहुस्वर’ शब्द भेटला, तर तो पात्रांच्या विचारांबद्दल आहे की लेखनप्रकारांच्या धाग्यांबद्दल, हे आधी पाहून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पायरी दहावी: आपण स्वतः तपासा

हाती असलेल्या कोणत्याही कादंबरीवर पुढचे प्रश्न चालवून पाहा. पेन्सिल जवळ ठेवा.

संवादातली नावं झाकली, तर कोण बोलतंय हे नुसत्या विचारांच्या वळणावरून कळतं का?

आपल्याला न पटणाऱ्या पात्राची बाजू, त्याला मान्य होईल अशी, चार वाक्यांत मांडता येते का? येत नसेल, तर लेखकाने ती दिलेली नाही किंवा आपण ती ऐकलेली नाही. दुसरी शक्यता आधी तपासा.

एखादा विचार एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बदलतो का? तो जिथे जिथे येतो तिथे समासात खूण करा. शेवटी फक्त त्या खुणांची पानं सलग वाचा.

एक आवाज काढून टाकला, तर दुसऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ बदलतो का? नसेल बदलत, तर तो आवाज शोभेपुरता आहे.

शेवटचा शब्द कोणाचा, आणि त्यानंतरही वाद उरतो का?

या पाचांपैकी तीन-चार प्रश्नांना ‘हो’ म्हणता आलं, तर बहुस्वर हा शब्द त्या कादंबरीसाठी वापरायला हरकत नाही. सरावासाठी ‘कारामाझोव्ह’चं पाचवं आणि सहावं पुस्तक मध्ये खंड न पाडता वाचा. वाचताना आपण इव्हानच्या बाजूला झुकलात, तर झोसिमा पुन्हा एकदा ऐका; झोसिमाच्या बाजूला झुकलात, तर इव्हानकडे परत जा.